डाव्या बाजूचा ब्रेक

आधार तायड्यांचा, म्हणजे आबांचा, उजवा पाय अर्ध्या जळगावला माहीत होता. गाडी ड्रायव्हिंग स्कूलची, चालवणारा नवखा, डाव्या सीटवर आबा. चप्पल काढून बाजूला ठेवलेली आणि पाय डाव्या बाजूला बसवलेल्या जास्तीच्या ब्रेकवर टेकलेला. त्या पायानं किती म्हशी वाचवल्या आणि किती भाजीच्या हातगाड्या, ते आबा स्वतःच सांगायचे, आणि दर वेळी सांगताना एखादी म्हैस वाढायची.

हा पाय नुसता शिकाऊ माणसांसाठी असता तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण सविता, त्यांची स्वतःची पोरगी, आयटीआयमधून मोटार मेकॅनिक झालेली, शिकवायचा परवाना हातात असलेली, सकाळची बायकांची बॅच सहा वर्षं एकटीनं सांभाळणारी. ती कोथिंबीर आणायला निघाली तरी आबा डावीकडे येऊन बसणार आणि पाय ब्रेकवर ठेवणार. वळण आलं की दाबणार. समोर कुत्रं दिसलं की दाबणार. कुत्रं पार पलीकडच्या फुटपाथवर झोपलेलं असलं तरी दाबणार. सवय आहे गं, म्हणायचे. आणि थोरला पोरगा प्रशील चालवायला बसला की हेच आबा मागच्या सीटवर आडवे होऊन घोरायचे. तेव्हा ती सवय कुठं जायची, देव जाणे.

बरं, माणूस अडाणी असता तर सोडून दिलं असतं. चौदा एप्रिलला वस्तीत भाषण करायला आबाच उभे राहायचे. मुलींना शिकवा, मुलींना पुढं आणा, टाळ्याच टाळ्या. सविता मागच्या रांगेत बसून ऐकायची आणि दात ओठ खायची. लोकांसांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. परतताना गाडी तीच चालवायची, आणि भाषण करून दमलेला पाय पुन्हा जागेवर यायचा.

भांडण पेटलं ते दिवाळीनंतर. आबांचे गुडघे गेले होते, आता स्कूलचा परवाना दोघांपैकी एकाच्या नावावर करायचा होता. प्रशीलनं तर स्कूलची पाटी स्वतःच्या नावानं रंगवायला टाकूनही दिली होती. हा प्रशील सकाळी दहाच्या आत उठत नाही, शिकणाऱ्यावर खेकसतो, दोन बायका त्याच्या तोंडाला कंटाळून सविताच्या बॅचला येऊन बसल्या, आणि पाटी ह्याच्या नावाची. आयत्या बिळावर नागोबा! सवितानं पेंटरकडून पाटी उचलून आणली आणि अंगणात आबांच्या पुढ्यात उलटी टाकली. मग जे झालं ते शेजारच्या तीन घरांनी ऐकलं. प्रशील म्हणाला, बाईच्या नावाची पाटी बघून पुरुष शिकायला येणार नाहीत. सविता म्हणाली, तुझं तोंड बघून बायका पळाल्या त्याचं काय.

जेवताना आबांनी निकाल दिला. धुळ्याच्या बाहेर, बंद पडलेल्या सूतगिरणीच्या आवारात, ऑटोक्रॉस नावाचा प्रकार होणार होता. सिमेंटच्या मैदानावर नारंगी कोन मांडायचे, त्यांच्यामधून गाडी काढायची, एका वेळी एकच गाडी, आणि घड्याळ लावून वेळ मोजायची. कोन पाडला तर दंड म्हणून वेळ वाढवायची. आबा म्हणाले, दोघं उतरा. दोघंही ह्यात नवशिके आहात. ज्याची वेळ कमी, त्याच्या नावावर स्कूल.

"पण एकाच गटात पाहिजे," त्यांनी बोट उचललं. "गट वेगळे पडले तर वेळेची तुलना नाही. मग मी ठरवीन."

आबा काय ठरवणार हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. आई, कोकिळाबाई, भाकरी थापता थापता थांबली. मी ऐकलंय हं, आता शब्द फिरवायचा नाही, एवढं म्हणून तिनं भाकरी तव्यावर टाकली. आबांनी मान हलवली.

त्या रात्री सविताला झोप लागली नाही, पण ती भीतीनं नव्हे. कोनांमधून गाडी काढणं म्हणजे तिचं रोजचंच पीठ दळणं. आरटीओच्या मैदानावर आठचा आकडा काढायला तिनं किती बायकांना शिकवलं. फक्त एक गोष्ट तिच्या लक्षात आली आणि ती उठूनच बसली. शिकवताना ती स्वतः डावीकडे. उजवीकडे बसली की डावीकडे आबा. आपल्याच पायावर, कुणाच्या दुसऱ्या पायाशिवाय, ती आजवर गाडी चालवूच शकली नव्हती.

रविवारी सकाळी एरंडोल, पारोळा करत दोन गाड्या धुळ्याला पोचल्या. पुढं प्रशीलची लाल गाडी. मागं स्कूलची पांढरी झेन, सविता चालवतेय, आबा डावीकडे, आणि मागं दिपमाला. ही दिपमाला अंगणवाडीत शिकवायची, सविताकडेच गाडी शिकली होती, आणि आपली बाई जिंकणार ह्याची तिला इतकी खात्री होती की घरून पेढे घेऊन आली होती.

प्रशीलच्या गाडीचा आवाज पारोळ्यापर्यंत मागं ऐकू येत होता. पैज ठरल्यापासून त्यानं गाडीला नवरदेवासारखं सजवलं होतं. रुंद टायर, फटफटणारा सायलेन्सर, स्प्रिंगा कापून गाडी जमिनीला टेकेल इतकी खाली. मैदानावर उतरल्यावर तो गाडीभोवती फिरत राहिला, कुणी बघतंय का ते बघत.

गाड्या तपासायला नवलभाऊ नावाचे गृहस्थ होते. धुळ्याचेच, पन्नाशीचे, गुडघ्याला माती लागलेली, कारण ते प्रत्येक गाडीखाली स्वतः वाकून बघत होते. त्यांनी सगळ्या नवशिक्यांना उभं करून नियम सांगितला. नवशिक्यांचे गट दोन. गाडी कंपनीतून निघाली तशीच असेल तर मूळ गट. सीट कव्हर, गाणी, पायपुसणी, ब्रेकचे नवे पॅड चालतील. सायलेन्सर, स्प्रिंग, टायरची रुंदी, हवेचा फिल्टर, असल्या कशाला हात लावला असेल तर बदललेला गट. तिथं मग कुणी काहीही लावून येतो, काहीही काढून येतो, त्याला विचारणा नाही, फक्त गाडी धोक्याची नको. नवे लोक इथंच फसतात, ते म्हणाले. चालवायला शिकायच्या आधी गाडी बदलून आणतात आणि मग कसलेल्या गाड्यांबरोबर पळावं लागलं की रडतात.

प्रशील हसत पुढं झाला. नवशिका मी आहे, गाडीचा काय संबंध, असं त्याचं म्हणणं. नवलभाऊ लाल गाडीखाली वाकले, उठले, टायरवर टिचकी मारली, आणि आपल्या अहिराणीत बोलले.

"भाऊ, तुनी गाडी बठ्ठी बदलेल शे. आठे मूळ काय शे ते दखाड."

सगळीच बदललेली, मूळचं काय उरलंय ते दाखव, म्हणे! आजूबाजूचे हसले. हात दाखवून अवलक्षण! प्रशीलचा चेहरा पडला, त्याच्या गाडीवर बदललेल्या गटाचा पिवळा कागद चिकटला. पण पुढच्याच क्षणी त्यानं आबांकडे बघितलं, आणि आबांनी त्याच्याकडे. आणि प्रशीलच्या तोंडावर हळूहळू हसू परत आलं.

सविताच्या डोक्यात ट्यूब पेटली. तिची झेन जुनी, साधी, कंपनीची. ती मूळ गटात जाणार. गट वेगळे. तुलना नाही. मग आबा ठरवणार. त्यानं हे मुद्दाम केलं की मिरवण्याच्या नादात झालं, ते त्याचं त्याला ठाऊक. पण फायदा त्याचाच होता, आणि आबांच्या चेहऱ्यावर नाराजीची एक सुरकुती नव्हती. सविताच्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरी चार दिवस आधी, अंगणात स्प्रिंगा कापल्या जात होत्या तेव्हा आबा खुर्ची टाकून बघत बसले होते. एका शब्दानं म्हणाले नव्हते, की अरे, ह्यानं गट बदलेल.

नवलभाऊंनी झेन तपासली. टायर ठीक, स्प्रिंग ठीक, सायलेन्सर गंजका पण कंपनीचा. त्यांनी मूळ गटाचा हिरवा कागद हातात घेतला.

"नवलभाऊ, थांबा," सविता म्हणाली. "डावीकडं बघितलं नाही तुम्ही."

तिनं डावं दार उघडून दाखवलं. जास्तीचा ब्रेक. डाव्या पेडलपासून निघून चालवणाऱ्याच्या ब्रेकपर्यंत गेलेली वायर. डावीकडून दाबलं की उजवीकडचा ब्रेक आपोआप ओढला जातो. कंपनीनं दिलेला नाही, आबांनी बसवून घेतलेला. हा बदलच ना, तिनं विचारलं.

नवलभाऊंनी डोकं खाजवलं. स्वतःहून आपल्या गाडीतली खोट दाखवणारं गिऱ्हाईक त्यांना बहुतेक पहिल्यांदाच भेटलं होतं. बदल तर आहे, ते म्हणाले, पण मी काही अडून बसणार नाही, वायर सोडवून मूळ गटात जा, तिथं तुला सोपं जाईल, इकडं रुंद टायरवाले आहेत. सविता म्हणाली, मला सोपं नको आहे, ह्या लाल गाडीच्या गटात पाहिजे. पिवळा कागद लावा. त्यांनी लावला.

आता प्रशीलचं हसू गेलं ते गेलंच. थोड्या वेळानं आबा आले आणि म्हणाले, मी तुझ्याबरोबर बसणार. नवशिक्यांना बरोबर एक माणूस घ्यायला परवानगी होती. सविता म्हणाली, वजन वाढेल, वेळ जाईल. आबा म्हणाले, गाडी माझ्या नावावर आहे. बसू देत नसशील तर किल्ली दे.

प्रशीलच्या गाडीत बसायला आबांनी साधी इच्छाही दाखवली नाही. नवलभाऊंनी आबांना हेल्मेट देताना बजावलं, हात मांडीवर ठेवायचे, कशाला हात लावायचा नाही, पाय लावायचा नाही. आबांनी चांगली मोठी मान हलवली. चप्पल मात्र त्यांनी दाराबाहेर काढून ठेवली, सवयीनं. सविताला ते दिसलं. तिनं ते मनावर घेतलं नाही.

प्रत्येकाला दोन फेऱ्या, त्यातली चांगली धरायची. आधी प्रशील गेला. दणदणाट करत, टायर किंचाळवत. सरळ जागी गाडी सुसाट, पण कोनांच्या ओळीत त्याला स्वतःचीच रुंदी आवरेना. कोन उडाले. दंड धरूनही त्याची वेळ वाईट नव्हती, एवढं खरं. गाडीत दम होता, माणसात नव्हता.

मग सविता. निशाण पडलं आणि तिनं गाडी सोडली. पहिली कोनांची ओळ ती अशी काढून गेली की एकही हलला नाही. मग मैदानाच्या टोकाचं मोठं वळण, तिथं झेनचं ढुंगण थोडं सरकलं, तिनं सावरलं. पुन्हा कोन, मग आठाचा आकडा, जो ती झोपेतही काढेल. आणि मग शेवटचा सरळ पट्टा, समोर संपायची रेषा. तिनं पाय पूर्ण दाबला. आणि गाडीनं दम टाकला. कुणी मागून पदर धरून ओढावं तशी गाडी अडखळली, मग पुन्हा पळाली, आणि रेषा ओलांडली.

वेळ सांगितली गेली. प्रशीलपेक्षा निसटती जास्त. अगदी निसटती.

आबांनी हेल्मेट काढलं. शेवटी घाबरलीस तू, ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट माया होती, आणि तेच जास्त लागलं. मी कधीपासून सांगतोय, वेगाचं काम बाईमाणसाचं नाही, काळीजच तसं असतं, त्यात तुझा दोष नाही. मग ते प्रशील बसला होता त्या मांडवाकडे गेले. तिथं शेवभाजी आणि पाव वाटत होते.

सविता गाडीतच बसून राहिली. घाबरलीस? तिला खरंच वाटायला लागलं की आपलाच पाय उचलला गेला असेल. सहा वर्षं दुसऱ्याला सांगितलं, घाबरू नका, पाय उचलू नका, आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा काळीज पाणी झालं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं आणि तिला स्वतःचाच संताप आला.

दिपमाला खिडकीशी येऊन उभी राहिली. बिचारीला कसं समजवावं कळत नव्हतं.

"बाई, सगळं इतकं छान चाललं होतं," ती म्हणाली. "मग शेवटच्या सरळ रस्त्यावर ब्रेक कशाला मारलात? मागचे लाल दिवे लागले ना."

लाल दिवे ब्रेक दाबल्याशिवाय लागत नाहीत. आणि सविताचा पाय तर ॲक्सिलरेटरवर होता, जमिनीला टेकेपर्यंत.

तिनं दिपमालाला दोनदा विचारलं. मोठ्या वळणावर लागले होते का दिवे? वळायच्या आधी लागले, ते सगळ्यांचेच लागतात, दिपमाला म्हणाली. आठाच्या आकड्यात? थोडे. आणि सरळ पट्ट्यावर? लख्ख.

तरीही सविताच्या मनानं बापाची बाजू घेतली बघा. पोरीचं मन असंच असतं, मेलं. सवयच ती, तिनं स्वतःला सांगितलं. आयुष्यभराचा पाय, रेषा जवळ आली, आपोआप पडला असेल. त्यांनाही कळलं नसेल. सवय असेल तर ती वळणावर जास्त दिसायला हवी, जिथं गाडी सरकते, जिथं भल्याभल्यांचा पाय आपोआप आखडतो. सरळ पट्ट्यावर कशाची भीती? हा प्रश्न तिनं गिळला. पण गाडीतल्या पान्यांच्या पिशवीकडे हात गेलाच.

डाव्या पेडलची वायर एका नटावर होती. चालवणाऱ्याच्या ब्रेकला त्यानं काही होत नाही, तो जसाच्या तसा. तिनं नट सोडवला, वायर मोकळी केली आणि वर बांधून टाकली. डावं पेडल आपल्या स्प्रिंगवर जागच्या जागी उभं राहिलं, बघणाऱ्याला काही कळू नये असं. मग ती नवलभाऊंकडे गेली आणि हळूच विचारलं, बदललेल्या गटात फेऱ्यांच्या मध्ये काही काढलं तर चालतं का. ते म्हणाले, सीट सोडून काहीही काढ. तिनं काय काढलंय ते सांगितलं. त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग मांडवात शेवभाजी खाणाऱ्या आबांकडे बघितलं, येऊन एकदा उजवा ब्रेक स्वतः दाबून तपासला, आणि जा म्हणाले.

दुसऱ्या फेरीत प्रशील आणखी इरेला पेटला आणि आणखी कोन उडवून आला. त्याची पहिलीच वेळ चांगली ठरली. सविताला आता तीच मोडायची होती.

आबा येऊन बसले. चप्पल बाहेर. हात मांडीवर.

निशाण पडलं. कोनांची ओळ गेली. मोठं वळण आलं, ह्या वेळी तिनं मुद्दाम जास्त वेगात घातलं. गाडीचा मागचा भाग चांगलाच सरकला, सिमेंटवर टायर ओरडले, मैदानावरची सगळी धूळ काचेवर आली. सविताचं अर्धं लक्ष डावीकडे होतं. आबांचा पाय हलला नाही. जिथं खरंच भीती होती, जिथं सवय उसळून यायला हवी होती, तिथं पाय मांडी घालून बसल्यासारखा शांत. आठाचा आकडा गेला. एकही कोन हलला नाही. आणि मग सरळ पट्टा.

खाट्.

पेडल तळाला आपटलं. गाडी पळतच राहिली. खाट्, खाट्. आबा दाबत होते. दोन्ही हात सीटच्या कडेला धरून, पाठ मागं रेलून, सगळ्या जोरानं दाबत होते, आणि पेडल रिकामं वर-खाली होत होतं. सविताला रडावंसं वाटलं नाही. तिला इतकंच वाटलं की बरं झालं, आता कळलं. तिनं रेषा ओलांडली, गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. दोघंही एकमेकांकडे न बघता बसले.

वेळ सांगितली गेली. प्रशीलपेक्षा कमी, आणि ह्या वेळी निसटती नव्हे. दिपमालानं लांबूनच पेढ्यांचा पुडा वर धरला.

आबा गाडीतून उतरले ते अनवाणीच. गुडघ्यांची पर्वा न करता ताडताड नवलभाऊंच्या टेबलापाशी गेले. प्रशील तिथं आधीच होता, घड्याळावर संशय घेत. आबांचा आवाज चढला, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल इतका. ही वेळ धरायची नाही. हिनं गाडीत फेरफार केलाय. डावीकडचा ब्रेक तोडून टाकलाय, माझ्या जिवाशी खेळ केलाय, हिला बाद करा. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच.

प्रशीलला लगेच जोर आला. बघा, बघा, गट बदलला, तो म्हणाला.

नवलभाऊ शांतपणे खुर्चीत बसले होते. ते म्हणाले, ह्या गटात काढायला बंदी नाही, पोरीनं मला सांगून काढलं, खरा ब्रेक मी तपासलाय. मग त्यांनी आबांकडे वर बघितलं.

"पण आबा, हात मांडीवर ठेवून पाय न लावता बसले होते ना तुम्ही? मग तो ब्रेक चालत नाही हे तुम्हाला कळलं कसं?"

मांडवातला चहावालाही थांबला. आबांचं तोंड उघडं राहिलं. त्यांनी एकदा प्रशीलकडे बघितलं, आणि प्रशीलनं मान फिरवली. ज्याच्यासाठी केलं, त्यानंच मान फिरवली. दिपमालाला आधी समजलं नाही, मग समजलं, आणि तिनं पुडा हळूच खाली घेतला.

सविता पुढं आली. तिला खूप काही बोलायचं होतं. घाबरलीस तू, हे शब्द तिला त्यांच्या तोंडावर परत फेकायचे होते. कोथिंबिरीच्या फेऱ्या, कुत्री, भाषणं, सगळं. पण बापाचे अनवाणी पाय सिमेंटवर उभे होते, मातीनं भरलेले. तिला कीव आली नाही. कीव येईल असं वाटलं होतं, आली नाही. तिनं एवढंच विचारलं, घरी आईसमोर काय सांगायचं, तुम्ही सांगाल की मी सांगू.

आबा खाली बघून म्हणाले, मीच सांगतो. स्कूल तुझं.

प्रशील गाडीत बसून निघूनच गेला. आबांना बरोबर घ्यायचंही त्याला सुचलं नाही. सायलेन्सरचा आवाज हायवेला लागेपर्यंत ऐकू येत राहिला आणि मग बंद झाला.

सवितानं पाना घेतला आणि डाव्या पेडलची वायर पुन्हा जोडली. सोमवारी सकाळी बायकांची बॅच होती, नवख्या माणसाशेजारी तो ब्रेक लागतोच, त्या ब्रेकचा काही गुन्हा नव्हता. नट घट्ट करून तिनं पेडल हातानं दाबून बघितलं. उजवं पेडल खाली गेलं. ठीक.

नवलभाऊंनी बक्षिसाचा छोटा करंडक दिला तो दिपमालानं मांडीवर घेतला आणि ती मागं बसायला निघाली. तेवढ्यात आबा आले. चप्पल घातलेली, हातात रुमाल. कुणी काही न सांगता ते सरळ डाव्या दाराकडे गेले, दाराच्या कडीला हात घातला, आणि वाकून चप्पल काढायला लागले.

"आबा," सविता म्हणाली, "पुढं दिपमाला बसेल."

आबा तसेच वाकलेले राहिले. एक चप्पल पायात, एक हातात. त्यांना वाटलं असेल ती आणखी काही बोलेल. तिनं गाडी सुरू केली आणि आरसा नीट केला, मागची सीट दिसेल असा.

मग त्यांनी हातातली चप्पल खाली ठेवली, पायात घातली, आणि मागचं दार उघडलं.